निर्दोष रक्ताची मोजणी: राष्ट्रांच्या न्यायाचा विषय मंडळीत कसा घ्यावा

आपल्या मंडळ्यांत हा विषय निघतो तो बहुतेक वेळा एखाद्या बातमीवरून. कुठेतरी युद्ध पेटते किंवा कुठे धरणीकंप होतो, आणि पुढच्या रविवारी संदेश देणारा सांगतो की त्या देशाने निरपराध्यांचे रक्त सांडले होते, म्हणून परमेश्वराने त्याला हा दिवस दाखवला. ऐकणाऱ्यांच्या माना डोलतात, कारण तो देश लांबचा असतो. जालना जिल्ह्यातल्या काही खेड्यांत आणि एकदा शहरातल्या मंडळीत मी हा पाठ चार संध्याकाळी घेतला. पहिल्या वेळी मीही असाच लांबून आत येऊ पाहिले, आणि चौथ्या संध्याकाळपर्यंत समोर फक्त डोलणाऱ्या माना उरल्या. त्यानंतर जी रीत हळूहळू ठरत गेली ती येथे मांडतो. पाळक असोत, पंचकमिटीतले वडीलजन असोत, नाहीतर महिला संघ चालवणाऱ्या भगिनी असोत, कोणालाही ती वापरता यावी. या रीतीत एकच गोष्ट मोडू नये, ती म्हणजे मोजणी आपल्याच शिवेपासून सुरू करायची.

मराठवाड्यात या पाठासाठी सप्टेंबरचा मधला आठवडा मला सर्वांत योग्य वाटतो. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन असतो, शाळेत आणि तहसीलवर झेंडा लागतो, आणि १९४८ साल लोकांच्या तोंडी आपसूकच येते. शिवाय सोयाबीनची काढणी सुरू व्हायच्या आधीच्या या दिवसांत संध्याकाळी माणसे मोकळी असतात. एक कारण अगदी साधे आहे: पहिल्या संध्याकाळच्या उताऱ्यात वाहत्या पाण्याच्या ओढ्याचा उल्लेख आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात तसा ओढा लोकांनी डोळ्यांसमोर आणायचा तरी कसा?

तयारीला तीन आठवडे पुरतात. तलाठ्याकडून किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावाचा आणि लगतच्या दोन गावांचा नकाशा मिळवावा, त्याच्या मोठ्या प्रती काढाव्यात, आणि सुताची चार गुंडाळी व एक कोरी वही आणून ठेवावी. पाठ घेणाऱ्याने स्वतः बायबलातले उत्पत्तीचे ४ व ९, गणना ३५, अनुवाद १९ व २१, १ राजे २१, २ राजे २१ ते २४, यिर्मया २२ व २६, आमोस १ व २, नहूम ३, मत्तय २३ व २७ आणि लूक १३ हे अध्याय सलग वाचून काढावेत. सुटी वचने गोळा करून आणू नयेत. या विषयावर सुटी वचने फार सहज मिळतात, आणि ज्याच्या हाती पडतील त्याच्या रागाची ती हत्यारे होतात.

एक शब्द आधीच नीट समजून घ्यावा लागतो. आपण ‘निर्दोष रक्त’ म्हणतो तेथे मूळ इब्री भाषेत ‘दाम नाकी’ असे शब्द आहेत. ‘नाकी’ म्हणजे ज्याच्यावर आरोप सिद्ध नाही, जो दोषमुक्त आहे, ज्याला मारण्याचा कोणालाही अधिकार नाही असा माणूस. त्याचे भाषांतर कोणी ‘निष्पाप’ असे केले की सभेत कोणीतरी हमखास उठतो आणि विचारतो, ‘रोमकरांस पत्रात तर कोणीच नीतिमान नाही म्हटले आहे, मग निष्पाप रक्त कोणाचे?’ प्रश्न चुकीचा नाही. त्याचे मूळ शब्दाच्या गफलतीत आहे. मारला गेलेला माणूस भांडखोर असेल, दारू पीत असेल, कर्ज बुडवणारा असेल. मरणाला पात्र ठरेल असा गुन्हा त्याच्या हातून घडलेला नसेल, तर त्याचे रक्त ‘नाकी’ आहे. खुनानंतर गावात पहिली चर्चा ‘तोही काही साधा नव्हता’ अशीच सुरू होते, म्हणून हा अर्थ पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवावा.

पहिली संध्याकाळ

अनुवाद २१ मधल्या पहिल्या नऊ ओव्या दोनदा वाचाव्यात, एकदा पुरुषाने आणि एकदा स्त्रीने. शेतात एक प्रेत पडलेले आहे, मारणारा माहीत नाही. वडील आणि न्यायाधीश बाहेर येतात आणि त्या प्रेतापासून आसपासच्या नगरांपर्यंतचे अंतर मोजतात. जे नगर सर्वांत जवळचे ठरेल, त्याचे वडील कधी कामाला न जुंपलेली, जू न ओढलेली कालवड घेऊन ज्या खोऱ्यात नांगरणी-पेरणी होत नाही आणि जेथे पाणी वाहते तेथे जातात, तिची मान मोडतात, याजकांसमोर तिच्यावर हात धुतात आणि म्हणतात की आमच्या हातांनी हे रक्त सांडले नाही, आमच्या डोळ्यांनी ते पाहिले नाही. मग ते विनवतात की हे रक्त तुझ्या लोकांमध्ये राहू देऊ नकोस.

हे वाचून झाले की सभेचे गट पाडावेत, प्रत्येकाला नकाशा आणि सूत द्यावे, आणि तीन गावांच्या शिवा मिळतात त्या जागी एक बटण ठेवून सांगावे की प्रेत येथे सापडले आहे, आता मोजा. पुढे काय होते ते मी प्रत्येक ठिकाणी जवळजवळ तसेच पाहिले. पहिल्या पाच मिनिटांत कोणी विचारतो की पांदणीने मोजायचे की सरळ आकाशातून. दुसरा म्हणतो की ओढ्याच्या अलीकडचा भाग महसुली दप्तरात त्यांच्या गावाकडे आहे. आणि एका सभेत निवृत्त पोलीस पाटलांनी शांतपणे सांगितले की ती हद्दच दुसऱ्या ठाण्याची आहे, आपला संबंध येत नाही. हा वाद थांबवू नये, चांगली दहा मिनिटे तो होऊ द्यावा. मग एवढेच विचारावे की आपण आत्ता जे करत आहोत ते मोजणे आहे की हद्द टाळणे. नियमशास्त्राने मोजायला लावले ते नेमके यासाठी, की ‘ते आमच्यात येत नाही’ असे म्हणण्याची सोय कोणत्याही गावाला उरू नये. जवळच्या नगरावर खुनाचा आरोप येत नाही, जबाबदारी मात्र येते. आणि ती ठरते अंतरावरून. मारणारा कोणत्या जातीचा होता किंवा मेलेला कोणाचा होता, यावरून ती ठरत नाही.

यापाठोपाठ मत्तय २७ मधला रोमी सुभेदार पिलात घ्यावा. त्यानेही पाणी मागवले आणि लोकांसमोर हात धुतले. वडिलांनी हात धुण्याआधी प्रेतापर्यंत जाऊन अंतर मोजले होते, आणि आपण पाहिले नाही हे ते देवासमोर शपथेवर सांगत होते. पिलाताने सर्व काही पाहिले होते, येशू निर्दोष आहे हे तो स्वतःच्या तोंडाने बोलला होता, आणि सोडवण्याचा अधिकारही त्याच्याकडेच होता. काही उत्साही तरुण या ठिकाणी परात आणि तांब्या आणून सर्वांना हात धुवायला लावण्याची सूचना करतात. माझे मत त्याविरुद्ध आहे. मोजणी पुरी न करता धुतलेले हात पिलाताचेच असतात, आणि पहिल्या संध्याकाळी आपली मोजणी फक्त नकाशावर झालेली असते. कालवडीचा विधी आज कोणी करायचा नाही, हेही स्पष्ट सांगावे. इब्री लोकांस पत्र ख्रिस्ताचे अर्पण एकदाच आणि सर्वकाळासाठी झाले असे सांगते, त्यामुळे विधी संपला आहे. मोजणीची आज्ञा संपली आहे का, हा प्रश्न उघडा ठेवून लोकांना घरी जाऊ द्यावे.

दुसरी संध्याकाळ

ही संध्याकाळ १ राजे २१ मधल्या नाबोथाची आहे, आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला तो उतारा समजावून द्यावा लागत नाही. वाडवडिलांची जमीन, ती न विकण्याचा हट्ट, शेजारी राजवाडा, आणि ‘तिथे भाजीचा मळा करीन’ म्हणणारा राजा. येथे सभेचे लक्ष राजा अहाब आणि त्याची राणी ईजबेल यांच्यावरून हलवून इज्रेल नगराच्या वडिलांवर आणावे. राजाच्या शिक्क्याची पत्रे येतात, उपास जाहीर होतो, नाबोथाला मानाच्या जागी बसवले जाते, दोन नीच माणसे समोर बसून खोटी साक्ष देतात, आणि मग गावाबाहेर नेऊन दगडमार. या सगळ्यात ईजबेलीने एकही दगड उचललेला नाही. काम वडीलजनांनी केले, तेही कायद्याची रीत पाळून, कारण नियमशास्त्राला दोन साक्षीदार लागतात आणि ते येथे होते. काल ज्या वडिलांना आपण सूत धरून शेतात अंतर मोजताना पाहिले, ते याच पदावरचे लोक. येथे ते कागद वाचतात आणि हुकूम पाळतात.

आपल्या मंडळ्यांत ‘साक्ष’ हा शब्द रोजचा आहे. रविवारी साक्ष देण्यासाठी चार-पाच जण तरी उभे राहतात. या संध्याकाळी तोच शब्द कोर्टाच्या अर्थाने घ्यावा आणि विचारावे की गेल्या दहा-वीस वर्षांत आपल्या पंचक्रोशीतल्या मारहाणीच्या, जाळल्याच्या, विहिरीत सापडलेल्या सुनेच्या खटल्यांत किती साक्षीदार फितूर झाले, आणि त्यांतले आपल्या ओळखीचे किती. उत्तर मोठ्याने मागू नये. प्रश्न सोडून द्यावा आणि दोन मिनिटे गप्प बसावे. गणना ३५:३३ हे वचन सांगते की रक्ताने भूमी भ्रष्ट होते आणि ज्याने ते सांडले त्याच्याच रक्तावाचून तिचे प्रायश्चित्त होत नाही. फाशीच्या शिक्षेबद्दल ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत आणि ती चर्चा या चार दिवसांत ओढू नये. पण न्यायाच्या जागी केवळ प्रार्थनासभा ठेवून भूमी शुद्ध होते असे शास्त्र कोठेही म्हणत नाही, एवढे या वचनावरून ठामपणे सांगता येते.

मग यहूदाचा राजा मनश्शे. येथे वेळ काढावा, कारण राष्ट्राच्या न्यायाबद्दलचा सर्वांत अवघड प्रश्न याच राजापाशी उभा राहतो. तो यरुशलेमेत ५५ वर्षे राज्यावर होता आणि त्याने निर्दोष रक्ताने यरुशलेम या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून टाकले, असे २ राजे २१:१६ सांगते. दुसऱ्या इतिहासाच्या ३३ व्या अध्यायानुसार संकटात तो नम्र झाला, त्याने प्रार्थना केली आणि परमेश्वराने त्याचे ऐकले. त्याचा नातू योशीया इतका चांगला की त्याच्यासारखा राजा आधी झाला नाही असे लिहिले आहे. असे असूनही २३ आणि २४ व्या अध्यायांत पुन्हा म्हटले आहे की मनश्शेने सांडलेल्या रक्तामुळे परमेश्वराचा यहूदावरचा संताप शमला नाही, आणि अखेर बाबेलच्या हातून यरुशलेम पडले. मग पणजोबाला क्षमा आणि पणतवंडाला शिक्षा, हा कोणता न्याय? यहेज्केल १८ तर म्हणतो की बापाच्या पापाचा भार मुलगा वाहणार नाही.

मी याचे उत्तर असे देतो, आणि ते अपुरे वाटल्यास सभेने तसे सांगावे. मनश्शे वळला तेव्हा त्याचा जीव वाचला, पण पन्नास वर्षांत त्याने जे घडवले होते ते एका प्रार्थनेने मोडले नाही. रक्त पाहून गप्प बसायला शिकलेले अधिकारी, भीतीने तोंड मिटलेले संदेष्टे, मोबदला घेणारे न्यायाधीश हे सर्व जागेवर होते. योशीयाने मूर्ती फोडल्या. या लोकांना फोडणे त्याला जमले नाही. त्याचाच मुलगा यहोयाकीम, ज्याच्याबद्दल यिर्मया २२:१७ म्हणतो की त्याचे डोळे लोभ आणि निर्दोष रक्त सांडणे याखेरीज कशावर नाहीत, त्याने उरीया नावाच्या संदेष्ट्याला मिसर देशातून धरून आणून तलवारीने मारले. म्हणजे पणतवंडांना पणजोबांचे जुने देणे विनाकारण भरावे लागले असे नाही. त्यांनी ते खाते चालू ठेवले होते. ज्या खात्यावर आपण रोज व्यवहार करतो ते बापाच्या नावावर आहे असे सांगून सुटता येत नाही, हे जमिनीच्या सातबाऱ्यावर चार पिढ्यांची नावे पाहणाऱ्यांना लगेच उमगते.

तिसऱ्या संध्याकाळच्या आधी एक बंधन

राष्ट्रांकडे वळण्यापूर्वी लूक १३ मधली पहिली पाच वचने वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण घसरण येथेच होते. पिलाताने काही गालीलकरांचे रक्त त्यांच्याच यज्ञबलींत मिसळले होते, आणि शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसे मेली होती. ही माणसे इतरांपेक्षा अधिक पापी होती म्हणून त्यांच्यावर हे आले, असे तुम्हांस वाटते काय, असे येशूने विचारले आणि ‘नाही’ असे स्वतःच उत्तर दिले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि परिसरात धरणी हलली, लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशा घरांखाली झोपलेली माणसे चिरडली गेली. त्या वेळी बऱ्याच जणांनी, आणि त्यांत ख्रिस्ती प्रचारकही होते असे खेदाने लिहावे लागते, हा कोणत्या ना कोणत्या पापाचा दंड ठरवला. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी भरून लातूरला आणावे लागले, तेव्हा एका पाहुण्या प्रचारकाने आमच्या सभेत दुष्काळाचे कारण म्हणून एका समाजाचे नाव घेतले होते. मी त्या वेळी उठून बोललो नाही, याची खंत मला आजही आहे. दुसऱ्या शमुवेलाच्या २१ व्या अध्यायात शौलाने गिबोनी लोक मारल्यामुळे तीन वर्षे दुष्काळ पडला असे आहे, हे खरे. पण तेथे दावीदाने परमेश्वराला विचारले आणि परमेश्वराने कारण सांगितले, आणि ते कारण दावीदाच्या स्वतःच्या राष्ट्राचा, त्याच्या आधीच्या राजाचा अपराध हे होते. ज्याला तसे सांगितले गेलेले नाही, त्याने दुसऱ्याच्या मयतावर उभे राहून न्यायनिवाडा वाचू नये. म्हणून पाठ घेणाऱ्याने सभेसमोर उघडपणे सांगावे की या चार संध्याकाळी कोणत्याही भूकंपाला, पुराला, अवर्षणाला किंवा रोगाला आपण देवाचा न्याय म्हणणार नाही, आणि कोणी म्हणू लागल्यास त्याला थांबवले जाईल.

तिसरी संध्याकाळ

आमोस मेंढरे राखणारा आणि उंबराची झाडे सांभाळणारा माणूस. त्याचे पहिले दोन अध्याय ऐकवण्याची रीत अशी की इस्राएलाच्या भोवतालच्या राष्ट्रांची नावे फळ्यावर त्यांच्या-त्यांच्या दिशेला लिहीत जावे: दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब, मग यहूदा. प्रत्येकाचा अपराध वेगळा आहे आणि तो नेमका सांगितलेला आहे. दिमिष्काने गिलादाला लोखंडी दाते असलेल्या मळणीच्या औताखाली मळले. खळ्यावर पात धरलेली म्हातारी माणसे सभेत असतील तर त्यांनाच विचारावे की पेंढ्यांवरून बैल फिरतात तेव्हा खाली काय उरते. माणसांच्या अंगावरून ते फिरवले म्हणजे काय, हे मग कोणाला सांगावे लागत नाही. अम्मोनाने आपली हद्द वाढवण्यासाठी गरोदर बायांची पोटे चिरली. गज्जा आणि सोर यांनी लोक धरून विकले.

फळ्यावरच्या या वर्तुळात दोन गोष्टी दाखवाव्यात. पहिली मवाबाची. त्याचा अपराध असा की त्याने अदोमाच्या राजाची हाडे जाळून चुना केली. इस्राएलाचा येथे काही संबंध नाही. परमेश्वर केवळ आपल्या लोकांच्या रक्ताचा हिशेब ठेवतो असा ज्यांचा समज आहे, त्यांना हे एक वचन पुरे आहे. या राष्ट्रांना मोशेचे नियमशास्त्र मिळालेले नव्हते, तरी ती जबाबदार ठरतात, कारण माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे आणि त्याच्या रक्ताची झडती घेतली जाईल हे उत्पत्ती ९ मध्ये नोहाला, म्हणजे सगळ्याच मानवजातीला सांगितले आहे. दुसरी गोष्ट वर्तुळाच्या मध्यभागाची. सहा परक्या राष्ट्रांवर ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या असतील, यहूदाच्या वेळीही भाऊबंदकीच्या आनंदाने डोलावल्या असतील, आणि मग आमोस त्यांच्याकडेच वळतो. फळ्यावर मध्यभागी इस्राएल लिहून त्याखाली आपल्या तालुक्याचे नाव लिहावे. कोणी कुरकुरले तर बरेच झाले.

अश्शूर आणि त्याची राजधानी निनवे यांवर थोडक्यात बोलावे. यशया १० मध्ये अश्शूर परमेश्वराच्या हातातली काठी आहे, आणि तीच काठी फुशारली म्हणून तिचाही झाडा घेतला जातो. शिक्षा करण्यासाठी वापरला गेलेला देश निर्दोष ठरत नाही. ‘रक्तपाती नगर’ असे नहूम ज्याला म्हणतो ते निनवे इ. स. पूर्व ६१२ मध्ये पडले. त्याच निनवेच्या राजाने योनाच्या दिवसांत प्रत्येकाने आपल्या हातचा जुलूम सोडावा असे फर्मान काढले होते, आणि तेव्हा ते वाचले होते.

अर्वाचीन काळातली दोनच उदाहरणे मी देतो, आणि दोन्ही ख्रिस्ती म्हणवणाऱ्या देशांची निवडतो. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनी ४ मार्च १८६५ च्या भाषणात, यादवी युद्ध संपत आले असताना, फटक्याने काढलेल्या गुलामांच्या रक्ताच्या प्रत्येक थेंबाची भरपाई तलवारीने होईपर्यंत हे युद्ध चालावे अशी देवाची इच्छा असली, तरी त्याचे न्याय खरेच आहेत असे म्हटले. हे बोलताना त्यांनी दोष दक्षिणेवर ढकलला नाही. उत्तर आणि दक्षिण दोघांवर हे संकट आले असे ते बोलले, आणि विजयी बाजूच्या माणसाच्या तोंडून असे बोल क्वचितच येतात. दुसरे उदाहरण रवांडाचे. १९९४ मध्ये सुमारे शंभर दिवसांत तेथे काही लाख माणसे मारली गेली, बहुतांश तुत्सी. देश बहुसंख्येने ख्रिस्ती होता. लोक आसऱ्याला चर्चमध्ये गेले आणि न्यामाता, न्तारामा येथे चर्चमध्येच त्यांची कत्तल झाली. मारणाऱ्यांतले अनेक जण बाप्तिस्मा घेतलेले होते. हे सांगितल्यावर त्या संध्याकाळी गाणे घेऊ नये.

चौथी संध्याकाळ

ही पापकबुलीची संध्याकाळ आहे आणि ती सर्वांत काळजीने चालवावी लागते. सुरुवातीला मत्तय २७:२५ चा एक गैरवापर दूर करावा. ‘त्याचे रक्त आम्हांवर व आमच्या मुलाबाळांवर असो’ या गर्दीच्या ओरडीचा आधार घेऊन ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतके यहूद्यांचा छळ केला, म्हणजे निर्दोष रक्ताच्या वचनाचा वापर निर्दोष रक्त सांडायला केला. रोमन कॅथलिक मंडळीने १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत स्पष्ट केले की तो दोष त्या वेळच्या सर्व यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर ठेवता येत नाही. इब्री १२:२४ प्रमाणे येशूचे रक्त भावाने मारलेल्या हाबेलाच्या रक्तापेक्षा चांगले बोलते: हाबेलाचे रक्त जमिनीतून दाद मागते, हे रक्त क्षमा मागते. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्राने ‘तुम्ही त्याला मारले’ असे ज्यांना सुनावले, त्यांनाच लगेच बाप्तिस्म्याचे आमंत्रण दिले. ही बाजू सांगितल्याविना कबुली घेतली तर माणसे एकतर खचतात, नाहीतर चिडून उठून जातात.

कबुली लिहिताना ती नेमकी असावी. जर्मनीच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या पुढाऱ्यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये स्टुटगार्ट येथे दोषाची कबुली दिली. ती धाडसाची होती, आमच्यामुळे अनेक लोकांवर अपार दुःख आले असे तीत होते, पण ज्यांची कत्तल झाली त्या यहूद्यांचे नाव मात्र तीत नव्हते. ‘आमच्या देशात फार हिंसा आहे, प्रभू क्षमा कर’ ही प्रार्थना तशाच जातीची आहे. वहीच्या कोऱ्या पानावर आपल्या भागातल्या गोष्टी साल घालून लिहाव्यात. १९४८ मध्ये निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी गावेच्या गावे लुटली, माणसे मारली. आणि सप्टेंबरमधल्या पोलीस कारवाईनंतर, म्हणजे भारतीय सैन्याने निजामाचे राज्य ताब्यात घेतल्यानंतर, मुसलमानांची कत्तल झाली, तीत किमान २७ ते ४० हजार लोक गेले असा अंदाज केंद्र सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने दिला, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. दोन्ही ओळी एकाच पानावर लिहाव्यात. एक लिहून दुसरी गाळणाऱ्याने सूत अर्धेच ताणले. १९७८ मध्ये विधिमंडळाने २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केल्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे मारले गेले. आणि २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्याची सरासरी ८९४ असताना. जन्माआधी लिंग पाहून गर्भ पाडणे हे निर्दोष रक्त आहे असे ख्रिस्ती मंडळी मानते, आणि गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ पासून आहे.

येथे दोन सावधगिरी आहेत. मराठवाड्यातल्या आपल्या मंडळ्यांत बहुतेक घरे दलित समाजातून आलेली आहेत. १९७८ ची धग त्यांनी स्वतः सोसली आहे. ज्यांचे रक्त सांडले त्यांच्याकडून कबुली मागणे हा दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे. त्यांच्यासाठी प्रकटीकरण ६:१० मधला हुतात्म्यांचा आक्रोश वाचावा, ‘हे प्रभू, किती वेळ?’, आणि त्यांना बोलू द्यावे किंवा गप्प बसू द्यावे. दुसरी सावधगिरी बीडच्या आकड्याबाबत आहे. सभेत बसलेल्या बायकांपैकी कोणावर ती वेळ आणली गेली होती हे आपल्याला माहीत नसते. म्हणून त्या विषयाची कबुली पुरुषांनी आणि सासू-सासऱ्यांच्या वयाच्या माणसांनी सुरू करावी, ‘आया आपल्या लेकरांना मारतात’ अशी वाक्ये कोणाच्याही तोंडी येऊ देऊ नयेत, आणि ज्या भगिनीला बोलायचे असेल तिच्यासाठी महिला संघातली एक विश्वासू बाई वेगळ्या खोलीत थांबलेली असावी. कोणी अलीकडच्या गुन्ह्याबद्दल काही सांगितले, तर ती गोष्ट प्रार्थनेत गुंडाळून ठेवू नये. सांगणाऱ्याच्या संमतीने वकिलापर्यंत आणि पोलीस ठाण्यापर्यंत सोबत जावे. लहान मुलावरच्या अत्याचाराची गोष्ट निघाली, तर कायद्याने ती कळवावीच लागते.

सभा संपल्यावर वही कोणाकडे राहणार हे आधीच ठरवून ठेवावे. मी ती पंचकमिटीच्या कपाटात ठेवायला सांगतो, आणि दरवर्षी सप्टेंबरमध्ये ती उघडून वाचली जावी असा ठराव इतिवृत्तात घालायला लावतो. वहीत ऐकीव नावे लिहू नयेत. जिवंत माणसाचे नाव घालून आरोप लिहिणे ही नाबोथाच्या दोन साक्षीदारांचीच वाट आहे.

शेवटची मोजणी पाचव्या दिवशी सकाळी, नकाशाऐवजी जमिनीवर करावी. आमच्याकडे चौथ्या संध्याकाळी ऐंशीच्या पुढचे एक आजोबा अखेरपर्यंत बोलले नाहीत; चहा झाला, लोक उठू लागले, तेव्हा त्यांनी वही मागवली आणि लिहिणाऱ्या मुलाला सांगितले की पोलीस कारवाईच्या वर्षी ते सात-आठ वर्षांचे होते, वेशीजवळच्या पिंजाऱ्याच्या घरातली पाच माणसे गावातल्याच लोकांनी एका आडात टाकली, आणि तो आड पुढे बुजवला. पाणी वाईट होते म्हणून बुजवला असे पोरांना सांगतात, ते म्हणाले. सकाळी आम्ही सहा जण सूत घेऊन त्यांच्यामागे गेलो. आडाच्या जागी आता बाभळीचे एक झाड आणि जनावरे बांधायचा खुंटा आहे. तेथून चारी दिशांना मोजले. सर्वांत जवळचे फाटक चर्चचे निघाले, दोनशे दहा पावले. मुलाने ते वहीत लिहिले आणि आजोबांनी त्याखाली अंगठा केला.